विडी सोडण्याआधी हाती वही घ्या



मध्यंतरी आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही व्यसनमुक्तीवर बोललो. बोललो म्हणजे नेहमीचेच बोललो. विडी वाईट, तंबाखू वाईट, गुटखा तर त्याहून वाईट. फुप्फुसे जातात, पैसा जातो, पोराबाळांना वाईट वळण लागते. टाळ्या पडल्या, चहा झाला. बाहेर येऊन आम्ही चपला शोधत होतो, तेव्हा एक वहिनी जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगता ते सगळं खरं. आमच्या ह्यांनी सोडली होती विडी, जयंतीच्या दिवशी. तीन दिवस घरात कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती. भरलं ताट भिरकावलं. पोरगं कोपऱ्यात जाऊन बसायचं. चौथ्या दिवशी मीच टपरीवर गेले आणि बंडल आणून त्यांच्यापुढं ठेवलं. माझं चुकलं का?"

"बघू वहिनी, बोलू सावकाश," असे काहीतरी पुटपुटून आम्ही तिथून निघालो.

उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. पण उत्तर द्यायचे म्हणजे आमची स्वतःची गोष्ट सांगावी लागली असती आणि ती चारचौघांत सांगायची हिंमत आम्हाला झाली नाही. रात्रभर ते मनाला लागून राहिले. म्हणून या आठवड्याच्या सदरात ती गोष्ट सांगतो.

आमची कबुली

आम्ही १९ वर्षे सिगारेट ओढली. १९९९ साली, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, मित्राच्या हातची अर्धी. पुढे नोकरी लागली, ऑफिसच्या खालीच टपरी होती. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सिगारेट आणि पगार संपत आला की विडी, असा आमचा क्रम होता. त्याच काळात समाजकार्यही चालू होते. व्यसनमुक्तीवर भाषण करायला उभे राहण्याआधी आम्ही तोंडात वेलची टाकत असू. कुणी विचारलेच तर "पंचशीलात विडीचे नाव नाही," असे हसत सांगणारे काही बंधू असतात. त्यांच्यात आम्हीही होतो.

पहिल्यांदा सोडली ती एका १ जानेवारीला. पाच दिवस टिकली. दुसऱ्यांदा २०१६ साली, बुद्धपौर्णिमेला सगळ्यांसमोर उभे राहून जाहीर केले, खिशातले पाकीट चुरगळून गटारात टाकले. लोकांनी कौतुक केले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी ऑफिसचे कागद घेऊन बसलो होतो. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. शेजारी बसून ती चित्र रंगवत होती. तिच्या हाताचा धक्का लागून रंगाचे पाणी आमच्या कागदांवर सांडले आणि आम्ही तिच्या कानशिलात लगावली. ती रडली नाही. नुसती आमच्याकडे पाहत राहिली. त्या आधी तिच्यावर आमचा हात कधी उठला नव्हता.

त्या रात्री नाक्यावर जाऊन आम्ही एकामागून एक दोन सिगारेटी ओढल्या. बरे वाटले. ते बरे वाटले याचीच लाज वाटली. मुलगी आता ज्युनियर कॉलेजात जाते. ती चापट तिला आठवते का, हे विचारायचे धाडस आम्हाला अजून झालेले नाही.

तिसऱ्यांदा २०१८ साली सोडली, ती आजतागायत. तिसऱ्या वेळी आमचा निश्चय काही जास्त पक्का होता असे नाही. फरक होता तो तयारीचा. चाळीतला कुजलेला खांब बदलायचा असेल तर गवंडी आधी टेकू लावतो, मग खांब काढतो. पहिल्या दोन वेळी आम्ही टेकू न लावताच खांब काढला होता. मग छप्पर पडले, ते मुलीच्या अंगावर.

विडी देते तरी काय?

भाषणात आपण विडी काय घेते ते सांगतो. ती काय देते ते कुणी सांगत नाही. काहीच देत नसती तर शहाणीसुरती माणसे ती ओढत बसली असती का?

झुरका घेतला की त्यातले निकोटीन साधारण १० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथे सुखाची जाणीव देणारे द्रव्य सुटते, त्याला डोपामिन म्हणतात. भुकेल्या माणसाने पहिला घास घेतला, मूल धावत येऊन गळ्यात पडले, मॅच जिंकली, तेव्हाही हेच द्रव्य सुटते. विडी ते चोरवाटेने आणि ताबडतोब मिळवून देते. पण निकोटीन शरीरात फार वेळ राहत नाही. साधारण दोन तासांत रक्तातले निम्मे उतरते. मग चुळबुळ सुरू होते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. दुसरी विडी पेटवली की हे सगळे थांबते आणि आपण म्हणतो, "बघा, विडीने टेन्शन गेले."

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगतो. हा सावकाराचा व्यवहार आहे. सावकार आधी आपल्याला कंगाल करतो, मग आपलेच पैसे आपल्याला उसने देतो आणि वर उपकार केल्याचा आव आणतो. विडी जे टेन्शन घालवते, त्यातले बरेचसे तिनेच आणलेले असते. यावर परदेशात अभ्यास झाले आहेत. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली अशा २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. ज्यांनी धूम्रपान सोडले त्यांची चिंता, उदासी आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले त्यात आढळले. म्हणजे सुरुवातीचे दिवस कठीण जातात हे खरे, पण पुढे मन हलके होते.

विडी गरिबाची म्हणून सौम्य असते, असा एक समज आपल्यात आहे. तो खोटा आहे. विडीत तंबाखू कमी असली तरी तिला फिल्टर नसतो, आणि ती विझू नये म्हणून झुरके जास्त वेळा व जोरात घ्यावे लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत तो धूर घरातली सगळी माणसे ओढतात.

विडी आणखी एक गोष्ट देते, ती म्हणजे पाच मिनिटांची सुटी. बांधकामावर बिगारी नुसताच बसला तर मुकादम ओरडतो. तोच विडी पेटवून बसला तर मुकादम काही बोलत नाही. ऑफिसातही तसेच. खुर्चीवर डोळे मिटून बसलेला कारकून कामचुकार ठरतो आणि टपरीवर उभा राहिलेला "आत्ता येतो" म्हणून सुटतो. आपल्या कितीतरी बंधूंना तंबाखूची नव्हे, विसाव्याची तलफ असते. विसावा मागायची सोय नसते, म्हणून ते विडी मागतात.

आठवड्याची वही

तिसऱ्या वेळी आम्ही सोडायची घाई केली नाही. चाळीस पानी वही आणली आणि पाच रकाने आखले. वेळ, जागा, सोबत कोण, ओढण्याआधी मनात काय होते आणि ओढल्यावर काय मिळाले. सात दिवस एकही सिगारेट कमी केली नाही. फक्त प्रत्येकीची नोंद केली.

सात दिवसांत ९३ नोंदी झाल्या. रविवारी बसून त्यांची खाती पाडली. अंगच मागते अशी खरी तलफ, म्हणजे सकाळी उठल्यावर, जेवणानंतर आणि रात्री झोपताना, ३१ वेळा. चहाबरोबर आणि मित्रांच्या सोबतीने २६. कामातून उठायला निमित्त म्हणून १९. लोकलची, रांगेची, कुणाची तरी वाट पाहताना ११. राग किंवा दुःख झाले म्हणून ६.

आम्ही चकित झालो. ज्या तलफेला आम्ही एवढे घाबरत होतो, ती एक तृतीयांश होती. बाकी ६२ वेळा आम्हाला दुसरेच काहीतरी हवे होते. कधी माणसे हवी होती, कधी सुटी हवी होती, तर कधी हाताला चाळा.

वहीच्या शेवटच्या पानावर पैशाचा हिशेब मांडला. रोजचे सरासरी ७० रुपये. महिन्याचे २,१०० आणि वर्षाचे २५,५५०. त्या वर्षी मुलीच्या क्लासची फी भरायला आम्ही पतपेढीचे कर्ज काढले होते.

प्रत्येक खात्यात दुसरी जमा

मग एकेक खाते घेतले आणि विडीच्या जागी काय ठेवता येईल ते शोधले. हे शोधायला आणि अंगवळणी पाडायला तीन आठवडे दिले. त्या तीन आठवड्यांत सिगारेट चालूच होती. हे लक्षात घ्या, कारण यातच सगळी मेख आहे. विडी सुटल्यावरचे पहिले काही आठवडे मन बेचव असते, कशातच राम वाटत नाही. त्या दिवसांत नवा आनंद शोधायला निघालात तर सापडणार नाही. तो आधीच ओळखीचा होऊन बसलेला असला पाहिजे.

सकाळचे खाते सर्वांत अवघड. पुष्कळ बंधू सांगतात, विडीशिवाय शौचाला होत नाही. यात खोटे काही नाही, निकोटीनने आतडी हलतात आणि शरीराला तशी सवय लागते. यावर उपाय म्हणजे उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी किंवा मोड आलेली मटकी आणि दहा मिनिटे चालणे. आम्हाला सवय व्हायला बारा-तेरा दिवस लागले. सार्वजनिक संडासाच्या रांगेत वासासाठी म्हणून विडी पेटवणाऱ्यांनी नाकाला रुमाल बांधावा, त्यावर निलगिरीच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

जेवणानंतरच्या खात्यात बडीशेप आली, भाजलेला ओवा आला आणि ताबडतोब उठून स्वतःचे ताट स्वतः घासणे आले. हसू नका. हात ओले असले की काडी पेटत नाही. शिवाय घरातली माणसे खूष होतात, ते सुख वेगळेच.

चहा-मित्रांच्या खात्यात आम्ही मित्र सोडले नाहीत. मित्र तोडायला सांगणारी व्यसनमुक्ती आम्हाला मान्य नाही. फक्त टपरी बदलली. ऑफिसमागे शेंगदाणे-फुटाण्यांची गाडी लागते, तिथे जायला सुरुवात केली. दोन मित्र आमच्याबरोबर आले, तिघे आले नाहीत. चहाबद्दल एक माहिती द्यायला हवी. धुरामुळे शरीर चहातले कॅफिन भराभर संपवते. धूम्रपान थांबले की तेच कॅफिन रक्तात जास्त वेळ राहते. पूर्वीइतकाच चहा मग जास्त चढतो, छातीत धडधडते, झोप उडते आणि माणसाला वाटते, हे विडी सोडल्यामुळेच. म्हणून त्या दिवसांत चहा निम्म्यावर आणावा.

सुटीचे खाते आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. आम्ही ठरवले की पाच मिनिटांची सुटी घ्यायचीच, पण सिगारेटशिवाय. जिन्याने चार मजले उतरायचे आणि चढायचे. भरभर चालण्याने तलफ मंदावते, हे अभ्यासांत दिसून आले आहे, आणि आम्ही स्वतः अनुभवले आहे. जिना नसेल तिथे श्वास आहे. आनापानात आपण श्वासाकडे पाहायला शिकतो. नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, असे वीस वेळा. सिगारेट ओढतानाही आपण दुसरे काय करतो? खोल श्वास घेतो आणि सावकाश सोडतो. निम्मा विसावा त्या श्वासाचाच असतो.

वाट पाहण्याच्या खात्यात खिशातले पुस्तक ठेवले. लोकलला उशीर झाला की दोन पाने होतात. ज्यांना वाचनाची गोडी नाही त्यांनी गाणे गुणगुणावे.

राग आणि दुःखाच्या खात्यात नोंदी सहाच होत्या, पण माणूस सोडलेली विडी पुन्हा धरतो तो बहुधा इथेच. या खात्यासाठी आम्ही एक माणूस ठरवला, आमचे थोरले मेहुणे. ते रेल्वेत गँगमन होते. त्यांना सांगून ठेवले, "भाऊजी, मी फोन करीन तेव्हा उपदेश करू नका, नुसते बोला." ते पावसाबद्दल बोलत, भाजीच्या भावाबद्दल बोलत. दहा मिनिटे निघून जात. असा एक माणूस प्रत्येकाने शोधावा. जो टोमणे मारणार नाही, असाच शोधावा.

शेवटी जुन्या आवडीचे एक खाते नव्याने उघडले. लहानपणी आम्ही हलगी वाजवत असू. वीस वर्षांत हातात घेतली नव्हती. त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी अर्धा तास मैदानात पोरांबरोबर वाजवायला लागलो. पहिले चार दिवस बोटे सुजली. नंतर मात्र संध्याकाळची वाट पाहू लागलो. तुमचे कॅरम असेल, कबड्डी असेल, पेटी असेल, कुंडीतली झाडे असतील. ज्यात तासभर विडीची आठवण येत नाही अशी एखादी गोष्ट प्रत्येकाच्या आयुष्यात कधीतरी होऊन गेलेली असते. ती आठवून पाहा.

हे मात्र नको

विडीच्या जागी तंबाखू-चुना नको, मशेरी नको. नुसती सुपारीसुद्धा नको, तिनेही तोंडाचा कर्करोग होतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून आणि ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून बंदी आहे, त्या वाटेला जाऊच नये. आणि संध्याकाळी "थोडीशी" घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, दारूच्या दोन घोटांनंतर विडीचा निश्चय टिकत नाही.

सोडायचा दिवस

दिवस साधा निवडावा. सण, लग्न, परीक्षा, पगाराआधीचा आठवडा टाळावा. व्यासपीठावरून जाहीर करू नये. टाळ्यांचे ओझे होते आणि पाय घसरला तर माणूस लपायला लागतो. घरच्यांना मात्र तारीख आधी सांगावी आणि हेही सांगावे की पहिले तीन दिवस आपण चिडणार आहोत. आम्ही मुलीला जवळ बसवून सांगितले, "बाबा तीन दिवस रागावलेला दिसेल. तो राग तुझ्यावर नाही. तसे वाटले तर मी उठून बाहेर जाईन." तसे दोनदा उठून बाहेर गेलोही.

सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो, पुढे तीन-चार आठवड्यांत तो ओसरतो. एकेक तलफ काही मिनिटेच टिकते. ती उठते, चढते आणि उतरते. तेवढा वेळ काढायचा, म्हणूनच ही सगळी तयारी.

ज्यांना उठल्याबरोबर विडी लागते, दिवसाला एक-दोन बंडले लागतात, त्यांनी केवळ मनाच्या जोरावर राहू नये. निकोटीनचे च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते. ते साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळायचे नसते. थोडे चघळून गालात धरून ठेवायचे, पुन्हा चघळायचे. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, तिचा नंबर १८००-११-२३५६. हा नंबर २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावरही छापतात. आम्ही सोडली ती त्याच साली, आणि शेवटच्या पाकिटावरून फाडून घेतलेला तो तुकडा आमच्या वहीत अजून आहे.

मिळकतीची बाजूही सांगतो. शेवटच्या विडीनंतर २० मिनिटांत नाडीचे ठोके उतरू लागतात. एक-दोन दिवसांत धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातून निघून जातो. वर्षभरात विडीमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका साधारण निम्म्यावर येतो. पण आम्हाला सगळ्यात आधी परत मिळाले ते नाक. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी जिना चढताना शेजारच्या घरातल्या सुकटाचा वास आला आणि आम्ही तिथेच उभे राहिलो. लहानपणी आईच्या चुलीपाशी येत होता, तसाच वास.

एखादी विडी मध्येच ओढली गेली तर काय? नोंद करा आणि पुढे चला. रोजकीर्दीत एक नोंद चुकली म्हणून कुणी अख्खी वही फाडत नाही. आम्हीही सातव्या आठवड्यात एका नातलगाच्या अंत्यविधीला एक ओढली. ती वहीत आहे. तिच्यापुढे दुसरी नाही.

घरातल्या भगिनींसाठी

"कसली सोडताय तुम्ही!" हे वाक्य घरातून काढून टाका. पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या हाती हिशेबाचे वाद, नातेवाइकांच्या तक्रारी देऊ नका. पण ताट भिरकावणे, हात उगारणे हे सोसायचेही नाही. विडीची तलफ हे मारहाणीचे कारण होऊ शकत नाही. हे आम्ही आमच्या त्या चापटीला स्मरून लिहीत आहोत.

ही वही फक्त पुरुषांची आहे असेही समजू नका. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ३.८ होते, तर तंबाखू, मशेरी, गुटखा अशी बिनधुराची व्यसने असणारे शेकडा २४.४. सकाळी मशेरी लावून पाच मिनिटे दारात बसणाऱ्या आयाबहिणींनाही बहुतेक तो विसावाच हवा असतो. त्यांनीही तेच पाच रकाने आखावेत.

वहिनींना उत्तर

गेल्या रविवारी आम्ही वही घेऊन त्या वहिनींच्या घरी गेलो. त्यांचे यजमान बाजारात पोती वाहतात. वही पाहून म्हणाले, "भाऊ, आपल्याला लिहायचं जमत नाही." आम्ही जरा अडखळलो. तेवढ्यात त्यांच्या सहावीतल्या मुलाने पट्टी आणली आणि रकाने आखायला घेतले. आता ते दिवसभर खिशातल्या कागदावर विडीमागे एक रेघ मारतात आणि रात्री मुलगा शेजारी बसून विचारतो, "बाबा, ही कुठं ओढली? सोबत कोण होतं?" ते सांगतात, तो लिहितो. पहिल्या दिवशी २२ रेघा झाल्या. कोपऱ्यात जाऊन बसणारे पोर ते हेच.

विडी अजून सुटलेली नाही. तारीख ठरली आहे, ती आम्ही इथे छापणार नाही.

वहिनी, तुमचे चुकले नाही. घर कोसळताना हाताला लागला तो टेकू तुम्ही लावला. चुकले ते आमचे. इतकी वर्षे आम्ही लोकांना खांब काढायला सांगत फिरलो आणि टेकूबद्दल बोललो नाही.

ज्या बंधू-भगिनींनी वही सुरू केली असेल त्यांनी आपल्या खात्यांत काय काय सापडले ते जरूर कळवावे. नाव छापणार नाही.

जयभीम.